सोडलेल्या घासाच्या जागी

रायपूरच्या जुन्या वस्तीत दूधाधारी मठ आहे. मठाचे संस्थापक महंत बलभद्रदास अन्न वर्ज्य करून केवळ दुधावर राहत, म्हणून लोक त्यांना दूधाधारी म्हणू लागले आणि पुढं मठालाही तेच नाव चिकटलं. गोष्ट काही शतकांपूर्वीची. या शहरात आज असेही तरुण भेटतात, जे धान्य, डाळी, भाज्या, फळं सगळं खातात आणि दूध मात्र घेत नाहीत. दही, ताक, तूप, पनीर काहीच नाही. ते स्वतःला व्हीगन म्हणवतात. महंतांनी जे ठेवलं तेवढंच यांनी सोडलं, आणि महंतांनी जे सोडलं ते सगळं यांनी ठेवलं. दोघांच्या श्रद्धेबद्दल या पुस्तकाला काही म्हणायचं नाही. पण शरीराचा हिशेब दोघांनाही चुकत नाही. दुधात उत्तम प्रथिनं आहेत, कॅल्शियम आहे, बी-१२ आहे. लोह जवळजवळ नाही, चोथा मुळीच नाही. धान्य-भाजीच्या ताटात चोथा आहे, फोलेट आहे, लोहही आहे, बी-१२ नाही.

काय खाऊ नये यावर आपल्याकडं शतकानुशतकं बोललं गेलं आहे. संतांनी, पंथांनी, घरातल्या आजीनं, अलीकडं मोबाइलवरच्या उपदेशकांनीही. सोडलेल्या घासाच्या जागी काय आलं, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. रायपुरातल्या मराठी घरांसाठी लिहिलेलं हे आहारपुस्तक तो प्रश्न पानोपानी विचारतं, म्हणून त्याला प्रस्तावना लिहायला मला आनंद वाटला.

पुस्तक रायपूरचं का, हेही सांगायला हवं. १७४१च्या स्वारीनंतर नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडावर बसला आणि १८५४पर्यंत या ना त्या रूपात राहिला. त्या काळापासून आणि नंतर वकिली, शाळा, रेल्वे, सरकारी कचेऱ्या यांच्या निमित्तानं मराठी कुटुंबं इथं येत राहिली. त्यांच्या स्वयंपाकघरात वरण-भात, भाकरी, जवसाची चटणी राहिली आणि शेजारच्या घरातून लाल भाजी, रखिया बडी, डुबकी कढी, फरा, चीला आत आला. अंबाडीला इथं अमारी म्हणतात, शेवग्याच्या पाल्याला मुनगा भाजी, टाकळ्याला चरोटा. चेच, करमता, बोहार, तिवरा अशा भाज्यांची नावं सांगता सांगता इथला माणूस अभिमानानं छत्तीसपर्यंत पोचतो. पानांच्या भाज्यांची एवढी चैन असलेला प्रदेश शाकाहारावर लिहायला वाईट नाही.

शाकाहाराची परंपराही इथं घराघरापुरती नाही. रायपूरपासून फार दूर नसलेल्या गिरौदपुरीत १७५६ साली जन्मलेल्या गुरू घासीदासांनी सतनाम पंथ उभा केला. जातिव्यवस्थेनं तळाशी ढकललेल्या समाजाला त्यांनी मांस, दारू, तंबाखू सोडायला सांगितलं. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ सालच्या ग्रंथात अशी नोंद आहे की सतनामी लोक मसूर, मिरची, टोमॅटो हेही टाळत, कारण त्यांचा लाल रंग रक्ताची आठवण देतो. दामाखेड्याला कबीरपंथाची गादी आहे. राजिमजवळचं चंपारण्य हे वल्लभाचार्यांचं जन्मस्थान मानलं जातं. वैष्णव, कबीरपंथी, सतनामी अशा तीन वेगवेगळ्या वाटांनी या मुलखात मांस ताटाबाहेर गेलं. त्या वाटांवर उच्चवर्णीय आणि श्रमिक दोघंही होते. शाकाहार ही एका जातीची मिरास आहे असं समजणाऱ्यानं छत्तीसगड जरूर पाहावा.

तरीही छत्तीसगड हे शाकाहारी राज्य नाही. नमुना नोंदणी पद्धतीच्या २०१४च्या पाहणीत पंधरा वर्षांवरच्या लोकांपैकी सुमारे १८ टक्के लोक इथं शाकाहारी निघाले. महाराष्ट्रात हेच प्रमाण ४० टक्के होतं. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमधलं रक्तक्षयाचं प्रमाण छत्तीसगडात ६०.८ टक्के आणि महाराष्ट्रात ५४.२ टक्के आढळलं. मांसाहारी राज्यात रक्तक्षय जास्त! यातून मांस खाल्ल्यानं रक्त कमी होतं असा निष्कर्ष कुणी काढणार नाही. अर्थ एवढाच की ‘मांसाहारी’ असं नोंदवलेल्या ताटात मासळी किंवा कोंबडी महिन्यातून किती वेळा आणि किती पडते, हे त्या आकड्यात दिसत नाही. बाकीचे दिवस ताटात भात असतो, वर थोडी भाजी, कधी पातळ डाळ. शाकाहारी गरीब आणि मांसाहारी गरीब यांची ताटं बहुतेक दिवशी सारखीच असतात.

रक्तक्षयाच्या मुळाशी या भागात आणखीही कारणं आहेत. जंत आहेत, मलेरिया आहे आणि सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार आहे. छत्तीसगड आणि विदर्भ दोन्हीकडं सिकलसेलचा जनुक अनेक समाजांत आढळतो, म्हणून थकवा आणि फिकट चेहरा दिसला की स्वतःच्या मनानं लोहाच्या गोळ्या सुरू करण्याआधी तपासणी करून घेणं इथं अधिकच गरजेचं. पुस्तकातल्या लोहाच्या प्रकरणात ही सूचना सुरुवातीलाच आहे, हे मला फार आवडलं.

आता फायद्यांबद्दल, कारण ते खरे आहेत आणि आडपडदा न ठेवता सांगायला हवेत. डाळी, कडधान्यं, भाज्या, फळं, तेलबिया यांवर उभा असलेला आहार वजन, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवायला मदत करतो. ब्रिटनमधल्या एपिक-ऑक्सफर्ड अभ्यासाचे २०१९ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात की मांसाहारींच्या तुलनेत शाकाहारींमध्ये हृदयविकार २२ टक्क्यांनी कमी होता. त्याच लेखात पक्षाघाताचं प्रमाण शाकाहारींत २० टक्क्यांनी जास्त निघालं. पुढच्या वर्षी त्याच अभ्यासानं दाखवलं की व्हीगन लोकांत हाडं मोडण्याचा धोकाही जास्त होता. पहिला आकडा शाकाहाराच्या प्रत्येक भाषणात ऐकू येतो, पुढचे दोन क्वचितच.

शिवाय ब्रिटनमधला शाकाहारी आणि आपल्याकडचा शाकाहारी एकच नव्हेत. तिकडं मांस सोडणारा माणूस बहुधा जाणीवपूर्वक भाज्या-कडधान्यांकडं वळलेला असतो. आपल्याकडं शाकाहार जन्मानं मिळतो, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. सकाळी पोहे-जिलेबी, दुपारी भात-बटाटा, संध्याकाळी चहासोबत समोसा, रात्री मैद्याची नान आणि पनीर. या दिवसभरात एक कणही मांस नाही, आणि आरोग्यालाही फारसं काही नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. त्यांत शाकाहारी घरं कमी नाहीत, हे कुठल्याही दवाखान्याच्या बाकावर बसलं की कळतं. शाकाहाराचे फायदे मिळतात ते डाळी-भाज्यांमुळं. नुसतं मांस वगळून ते आपोआप हातात पडत नाहीत.

प्रथिनांचा प्रश्न इथं भाताशी बांधलेला आहे. छत्तीसगडाला धान का कटोरा म्हणतात. तांदळाच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, डाळीत ते भरपूर असतं. डाळीत मेथिओनिन कमी, ते तांदूळ भरून काढतो. म्हणून वरण-भात हे जेवण शास्त्राला पटणारं आहे, अट एवढीच की वरण नुसतं पिवळं पाणी नसावं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं २०२० साली किलोमागं सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिनं रोज सुचवली, म्हणजे ५५ किलोच्या बाईला ४५–४६ ग्रॅम. हे धान्य-डाळींतून मिळवायचं तर तीन भाग धान्याला एक भाग डाळ आणि सोबत पुरेसं दूध, असं प्रमाण परिषद सांगते. धान्याच्या एकतृतीयांश असा हा डाळीचा वाटा ताटात येतो का, एवढंच घरोघरी मोजून पाहावं. डुबकी कढी, उडदाच्या बड्या, मोड आलेली मटकी हे सगळे त्याच हिश्शाचे मानकरी.

डाळीच्या या हिश्शाची एक काळी बाजू याच भूमीत आहे आणि पुस्तकानं ती टाळलेली नाही. लाखोळी डाळ विदर्भातल्या वाचकाला माहीत आहे. छत्तीसगडात तिला तिवरा म्हणतात. धान उभं असतानाच ओल्या वावरात तिचं बी फेकायचं, वेगळी नांगरट नाही, पाणी नाही. या पद्धतीला इथं उतेरा म्हणतात. दुष्काळातही तग धरणारं, प्रथिनांनी भरलेलं पीक. पण तिच्या दाण्यात ओडॅप नावाचं मज्जातंतूंना घातक द्रव्य असतं. थोडी डाळ इतर अन्नासोबत खाल्ली तर बहुधा काही होत नाही. पिकं बुडतात, दुसरं काही मिळत नाही आणि महिनोन्‌महिने हीच डाळ पोटाचा मुख्य आधार होते, तेव्हा पाय कडक होऊन कायमचे लुळे पडतात. यालाच लॅथिरिझम म्हणतात. १८३०च्या दशकात सागर भागात असे पांगळे झालेले तरुण पाहून स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्यानं १८४४ सालच्या आपल्या पुस्तकात त्याची नोंद केली. १९६१ साली केंद्रानं या डाळीच्या विक्रीवर बंदी घातली, शेती मात्र अनेक भागांत चालूच राहिली. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठानं पुढं ‘प्रतीक’ आणि ‘महातिवडा’ असे ओडॅप कमी असलेले वाण दिले. लाखोळीवरचा वाद अजून पुरता मिटलेला नाही. पण तिचा धडा स्पष्ट आहे: रिकाम्या झालेल्या ताटात एकच पदार्थ शिरला की औषधासारखी डाळही विष होऊ शकते.

लोहाच्या बाबतीत शाकाहारी ताटाची अडचण वेगळी आहे. पालेभाज्यांत आणि डाळींत लोह असतं, पण ते मांसातल्या लोहाइतकं सहज रक्तात जात नाही. धान्यातलं फायटेट आणि चहातली टॅनिनं त्याला अडवतात. लिंबू, आवळा, पेरू यांतलं क जीवनसत्त्व त्याला वाट करून देतं. मोड आणणं, आंबवणं यानं फायटेट घटतं. २०२०च्या शिफारशीप्रमाणं स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागतं, पुरुषाला १९. म्हणून लाल भाजी रोज करा, त्यावर लिंबू पिळा आणि जेवणानंतर लगेच चहा घेऊ नका, हा सल्ला साधा असला तरी बाईच्या बाबतीत तो अधिक कसोशीनं पाळावा लागतो. घरात सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खाणाऱ्या बाईच्या वाट्याला भाजीचा तळ आणि डाळीचं पाणी येतं. पोषणाची चर्चा या वाढण्याच्या क्रमापर्यंत पोचत नसेल तर ती अर्धवट आहे.

बी-१२ची गोष्ट मात्र कुठल्याही भाजीनं सुटणारी नाही. हे जीवनसत्त्व जंतू बनवतात आणि माणसाला ते प्राण्यांपासून आलेल्या अन्नातून मिळतं. रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅम, म्हणजे चिमटीतही न मावणारी. पण ती भागली नाही तर रक्ताबरोबर नसाही दुबळ्या होतात: हातापायाला मुंग्या, तोल जाणं, विसरभोळेपणा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी पुणे परिसरातल्या खेड्यातल्या, झोपडवस्तीतल्या आणि शहरी मध्यमवर्गातल्या पुरुषांची तपासणी केली, तेव्हा दोनतृतीयांश लोकांत बी-१२ कमी आढळलं. मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांत. हा आकडा अन्नाच्या टंचाईचा नाही, कारण मध्यमवर्गाला टंचाई नव्हती.

त्याच गटानं १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींचा दीर्घ अभ्यास सुरू केला. त्यातून दोन गोष्टी पुढं आल्या. गरोदरपणात पालेभाज्या, फळं आणि दूध अधिक घेणाऱ्या आयांची बाळं जन्मताना अधिक भरलेली होती. आणि ज्या आयांत फोलेट भरपूर पण बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती जास्त दिसली. पहिला निष्कर्ष छत्तीस भाज्यांच्या बाजूचा आहे, दुसरा सांगतो की भाज्या एकट्या पुरत नाहीत. फोलेटचा शोधही आपल्या मुंबईशी जोडलेला आहे: ल्यूसी विल्स यांनी १९२८पासून इथल्या गिरणी कामगार गर्भवतींचा रक्तक्षय अभ्यासला आणि यीस्टच्या अर्कानं तो बरा होतो हे १९३१मध्ये दाखवलं. एक उणीव मुंबईत ओळखली गेली, दुसरी पुण्यात मोजली गेली.

बासीबद्दल इथं एक खुलासा हवा. रात्री भिजवलेला भात, त्यातलं आंबूस पाणी, कांदा आणि मीठ ही बोरे बासी उन्हाळ्यात पोटाला थंड आणि पचायला हलकी. २०२२ साली १ मे रोजी ती सरकारी कौतुकाचाही विषय झाली. पण बासीत बी-१२ मिळतं असं मानून कुणी निर्धास्त राहू नये. भात आंबवणारे जंतू ते भरवशानं तयार करत नाहीत. स्पिरुलिनातलं बी-१२ माणसाला बहुतांशी उपयोगी नसतं, आणि पावसाळ्यात बस्तरहून येणारा बोडा (रानातली अळंबी) कितीही महाग असला तरी त्यावर विसंबता येत नाही.

दूध घेणाऱ्याला दिवसाला दोन पेले दूध किंवा तेवढं दही-ताक घेऊन गरजेचा मोठा हिस्सा भागवता येतो. चहातलं दूध त्यात धरू नये. दूध सोडणाऱ्याला मात्र पूरक गोळी किंवा बी-१२ घातलेले पदार्थ घ्यावेच लागतात. व्हीगन चळवळीची संस्था डोनाल्ड वॉटसन आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये १९४४ साली सुरू केली. बी-१२ वेगळं करण्यात यश आलं १९४८मध्ये. म्हणजे पहिल्या व्हीगनांना आपल्या ताटात काय नाही हे कळण्याचा मार्गच नव्हता. गांधीजींनी दूध न घेण्याचं व्रत घेतलं होतं. १९१८च्या गंभीर आजारात शेळीचं दूध घेऊन त्यांनी ते सैल केलं आणि दुधाला वनस्पतीतला पर्याय सापडला नाही याची खंत आत्मकथेत नोंदवली. आज पर्याय आहे. तो भाजीबाजारात नसून औषधाच्या दुकानात आहे, आणि तो घेण्यात कुठल्याही तत्त्वाचा पराभव नाही. दूध सोडणाऱ्यानं कॅल्शियमसाठी नाचणी आणि तीळ, ओमेगा-३साठी जवस, प्रथिनांसाठी सोयाबीन यांची सोय लावावी. बदामाच्या दुधात दुधाइतकी प्रथिनं नसतात हेही लक्षात ठेवावं. २०२२पासून व्हीगन पदार्थांसाठी केंद्रीय नियम आणि वेगळं चिन्ह आलं आहे; ते चिन्ह काय नाही ते सांगतं, काय आहे ते पाकिटाच्या मागं वाचावं लागतं.

ताटात काय ठेवायचं हा प्रश्न २०१९ साली छत्तीसगडात रस्त्यावर आला. मध्यान्ह भोजनात अंडी देण्याचा निर्णय राज्य सरकारनं घेतला. कबीरपंथीयांनी विरोध केला, कारण त्यांची मुलं त्याच पंगतीत बसणार होती. अंडी हवी म्हणणाऱ्यांचं म्हणणं होतं की ज्या मुलांच्या घरात अंडं वर्ज्य नाही, फक्त परवडत नाही, त्यांचा घास दुसऱ्यांच्या नियमासाठी का काढावा. शेवटी जिथं पालकांचं एकमत नाही तिथं अंडी घरपोच आणि शाळेत शाकाहारी पर्याय, असा तोडगा निघाला. महाराष्ट्रात २०२३च्या अखेरीला आठवड्यातून एक अंडं देण्याचं ठरलं, न खाणाऱ्यांना केळं. २०२५च्या जानेवारीत त्यासाठीचा सरकारी निधी थांबला. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिनं आणि बी-१२ असतं. केळ्यात एक ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, बी-१२ शून्य. केळं चांगलं फळ आहे, पण अंड्याची जागा ते भरत नाही. ती दूध भरतं, आणि काही अंशी सोया किंवा शेंगदाणा-चण्याचा लाडू. मुलाच्या श्रद्धेचा मान राखायचा तर पर्यायही तोलून द्यायला हवा, नाहीतर मान राखला जातो आणि मूल उपाशी राहतं.

हे पुस्तक वाचताना पाककृतींपासून सुरुवात केली तरी चालेल, पण दोन प्रकरणं कुणी वगळू नयेत: गरोदरपणाचं आणि साठीनंतरच्या आहाराचं. बी-१२ यकृतात वर्षानुवर्षं साठून राहतं, त्यामुळं कमतरता उशिरा जाणवते. आईकडं साठाच नसेल तर अंगावर पिणाऱ्या बाळाला मात्र ती काही महिन्यांतच गाठते. वयस्कांत मधुमेहासाठीचं मेटफॉर्मिन आणि आम्लपित्तावरच्या गोळ्या बी-१२चं शोषण कमी करतात, आणि हीच औषधं आपल्या घराघरात वर्षानुवर्षं चालू असतात. शाकाहारी आजी-आजोबांची बी-१२ तपासणी साखरेच्या तपासणीबरोबरच व्हावी.

शाकाहार सोडा किंवा धरा असं या पुस्तकात कुठंही सांगितलेलं नाही. वाचकाचा नियम काय आहे ते विचारून त्या नियमाच्या आत ताट कसं पुरं करायचं, एवढंच ते सांगतं. अंडी खाणाऱ्या घराला, दूध-दही घेणाऱ्या घराला आणि दोन्ही न घेणाऱ्या घराला प्रत्येकी वेगळं कोष्टक दिलं आहे. वाचकानं आपलं कोष्टक निवडावं, दुसऱ्याच्या कोष्टकावर मत देण्याचा मोह टाळावा आणि घरात सर्वांत शेवटी जेवणाऱ्या माणसाच्या ताटापासून मोजायला सुरुवात करावी.